परळचा प्रासाद आणि भिखा बेहरामची विहीर

इंग्लंडच्या गादीवर इ. स. १७१४ पासून १८३० पर्यंत जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ बसले. त्यांच्या त्या शतकाहून दीर्घ अमदानीत तेथील सरदार-सावकारांनी शहराच्या कोलाहलापासून दूर, वृक्षराजीने वेढलेल्या विस्तीर्ण आवारांत, प्रमाणबद्ध दर्शनी भिंतींचे, उंच खिडक्यांचे आणि ऐसपैस दिवाणखान्यांचे जे ग्रामप्रासाद उभारले, ते त्या देशाच्या वास्तुवैभवाचा मानबिंदू होऊन राहिले आहेत. आणि त्याच काळात बाथसारख्या गावी उष्णोदकाच्या झऱ्यांवर व्याधिग्रस्तांची रीघ लागत असल्यामुळे सुंदर वास्तू आणि आरोग्यदायी जल यांची सांगड त्या समाजाच्या मनात पक्की बसली होती. पाण्यावरची ही श्रद्धा आपल्यालाही परकी नाही. तानसा नदीच्या काठी अकलोली-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत अंग शेकून घेण्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत, आणि त्यांच्या शेजारचे वज्रेश्वरीचे देऊळ तर १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी बोललेल्या नवसाची फेड म्हणून बांधले गेले, असे परंपरा सांगते.

परंतु जॉर्जकालीन ग्रामप्रासाद आणि आरोग्याची विहीर या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात पाहावयाच्या असतील, तर मुंबईच्या उपनगरवासीयाला साता समुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही. १७२० च्या सुमारास कुंपणी सरकारने पोर्तुगीज पाद्र्यांकडून जप्त केलेला परळचा मठ, जो पुढे गव्हर्नरांचा प्रासाद झाला, आणि १७२५ साली भिखा बेहराम या पारशी गृहस्थाने किल्ल्याबाहेर समुद्राच्या लगत खणविलेली गोड्या पाण्याची विहीर, ही दोन्ही स्थळे परस्परांपासून जेमतेम तीन कोसांवर आहेत. ती बहुधा निरनिराळ्या कारणांनी, निरनिराळ्या लोकांकडून पाहिली जातात. माझ्या मते मात्र ती एकाच कथेची दोन पाने आहेत, आणि ती कथा मुंबईकरांनी रोगराईशी दोनशे वर्षे केलेल्या झुंजीची आहे. जो प्रासाद अनारोग्याच्या धास्तीने ओस पडला, तोच औषधांचे माहेरघर झाला. आणि जी विहीर दुःखितांचे शरणस्थान, तिच्या जातीवर एके काळी ज्वराचा आरोप आला. हा विलक्षण योग समजून घ्यावयाचा असेल तर दोन्ही ठिकाणी आपल्या पायांनीच गेले पाहिजे.

मुलुंडहून धिम्या गाडीने निघावे. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर अशी एकेक स्थानके मागे पडतात आणि दादर ओलांडताच परळ येते. स्थानकाच्या पूर्वेकडील जिना उतरून चालू लागले की या वस्तीचे आजचे स्वरूप ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. हातात क्ष-किरणांच्या पिशव्या घेतलेली माणसे, औषधांच्या दुकानांपुढील गर्दी, टाटा रुग्णालयाच्या भोवतालच्या पदपथावर चटया अंथरून बसलेले दूरदूरच्या जिल्ह्यांतले आणि परप्रांतांतले रुग्णांचे आप्त, कुणी स्टोव्हवर भात शिजविणारे, कुणी कागदांची चवड छातीशी धरून नुसतेच बसलेले. १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, १९४१ मधले टाटा स्मारक रुग्णालय, वाडियांची प्रसूतिगृहाची व बालरुग्णांची इस्पितळे हे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. हिंदुस्थानातील फार थोड्या मोहल्ल्यांनी इतक्या वेदनेला आसरा दिला असेल. या रुग्णालयांच्या गर्दीत, आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्थेचे आवार लागते, आणि रस्त्यावरील गलबला जणू त्या फाटकापाशी थबकतो.

आत जाण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, कारण ती अजूनही काम करणारी वैज्ञानिक संस्था आहे. जुन्या झाडांच्या सावलीतून पुढे गेल्यावर ती प्रशस्त वास्तू दृष्टीस पडते. कमानींच्या ओळी, जाड भिंती, उंच छत आणि वाऱ्याला मोकळी वाट देणारे सज्जे पाहून हा मूळचा धर्ममठ होता हे चटकन लक्षात येत नाही. परंतु मधल्या लांबट सभागृहाची ठेवण पाहिली की चर्चचा गाभा डोळ्यांपुढे उभा राहतो. पाद्र्यांच्या त्या प्रार्थनामंदिराचे इंग्रजांनी दोन मजले केले. जेथे एके काळी लॅटिन स्तोत्रे म्हटली जात, तेथे खाली मेजवान्यांचे दालन झाले आणि वर नृत्यशाला. प्रथम हे गव्हर्नरांचे हवापालटाचे ठिकाण होते. विल्यम हॉर्नबी याने १७७१ नंतरच्या आपल्या कारकीर्दीत कायमचा मुक्काम येथे हलविला आणि पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ ते १८२७ या काळात वास्तूचे पंख वाढवून तिला आजचा विस्तार दिला. पेशवाई बुडाल्यानंतर महाराष्ट्राच्या मुलखाची घडी ज्या माणसाने बसविली, इनामे-वतने कोणाची ठेवावयाची आणि कोणाची काढावयाची याचे हुकूम ज्याच्या सहीने सुटले, त्याचे घर ते हे, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाने तेथे उभे असताना विसरू नये.

या प्रासादाचे आणखी एक ऋण आपल्यावर आहे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, जोनाथन डंकन हा गव्हर्नर असताना, मुंबईचा रेकॉर्डर म्हणजे मुख्य न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश याने येथे काही विद्याप्रेमी गृहस्थांना एकत्र बोलावून मुंबईच्या वाङ्मयमंडळाची स्थापना केली. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून ज्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आपण जातो, तिचा जन्म असा परळच्या या छपराखाली झालेला आहे.

इतके वैभव असूनही प्रासादाची हवा मात्र चांगली राहिली नाही. परळ हा त्या काळी वाड्यांचा, भातखाचरांचा आणि आंबराईंचा भाग होता, आणि प्रासादाच्या मागे तळे होते. भोवती खाडीची खाजणे होती. जोवर मुंबईत किल्ल्याबाहेर वस्ती विरळ होती तोवर हे सारे नयनरम्य वाटले. पुढे गिरण्या उठल्या, चाळी उभ्या राहिल्या, ओढे नाल्यांसारखे वाहू लागले, आणि गव्हर्नराचे मन मलबार टेकडीच्या वाऱ्याकडे ओढ घेऊ लागले. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सचा मुक्काम येथे पडला, तो या वास्तूच्या राजवैभवाचा शेवटचा मोठा सोहळा म्हणावा लागेल. कारण १८८२ च्या जानेवारीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीला येथे पटकीने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्या घराच्या दाराशी पहारे होते, ज्याच्या कोठीत विलायतेहून आलेली पेये होती, त्या घरालाही पटकी सोडीत नाही हे मुंबईने पाहिले. त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉईंटला गेले ते परळला परत आले नाही.

प्रासाद रिकामा झाला. पण रोगाने त्याची पाठ सोडली नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे रोगी ओळखले, आणि पाहता पाहता मुंबई अर्धीअधिक रिकामी होऊ लागली. आगगाड्या भरभरून लोक गावाकडे पळाले, घरांवर खुणा करून तारखा घालण्यात आल्या, तपासणीसाठी शिपाई माजघरापर्यंत शिरू लागले. या धामधुमीत परळच्या नृत्यशाळेत रोग्यांच्या खाटा पडल्या. जुना राजप्रासाद प्लेगचे इस्पितळ झाला.

येथे ज्या पुरुषाचा या वास्तूशी संबंध जडतो, त्याच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. वाल्डेमार हाफकिन हा १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेला यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना १८९२ साली त्याने पटकीची लस सिद्ध केली आणि तिची पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला व बंगाल्यात हजारो लोकांना ती लस टोचीत हिंडला. प्लेग उसळताच सरकारने त्याला मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक लहानशी खोली व व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर अवघ्या तीन महिन्यांत त्याने लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती, पूर्वीप्रमाणेच, प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर महिना संपण्यापूर्वीच भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना ती देण्यात आली.

त्या लशीची कृती वाचली की हा मनुष्य या देशाच्या मनाचा किती विचार करीत होता हे कळते. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा काढा लागतो. हिंदूला गाईचे आणि मुसलमानाला डुकराचे मांस निषिद्ध, म्हणून त्याने बकऱ्याचे मांस आम्लाने पचवून त्याचा काढा वापरला. काचेच्या मोठ्या चंबूंत हा काढा भरून त्यावर तुपाचे थेंब सोडीत. प्लेगचे जंतू त्या तरंगणाऱ्या थेंबांच्या खालच्या बाजूस धरत आणि चुनखडीच्या गुहेतील लोलकांप्रमाणे पांढुरक्या धाग्यांनी खाली लोंबू लागत. चंबू हलकेच हलविला की ते धागे तुटून तळाशी बसत व वर नवे धागे धरू लागत; असे पाच-सहा आठवडे चाले. मग तो काढा तापवून जंतू मारीत, थोडे कार्बोलिक आम्ल घालीत आणि बाटल्यांतून भरून ठेवीत. चंबू हलविण्याचा धक्का जरा जोराचा लागला तर सारे लोलक एकदम गळून पडत, म्हणून त्यांच्याजवळ वावरणाऱ्यांना पावलेही जपून टाकावी लागत.

लशीची मागणी इतकी वाढली की अपुऱ्या जागांतून काम भागेना, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या या जुन्या प्रासादात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. गव्हर्नराच्या पत्नीला पटकीने जेथून नेले, तेथेच पटकीच्या लशीचा जनक सतरा वर्षांनी आपल्या चंबूंसह राहावयास आला! हे कोणी कल्पित कथेत लिहिले असते तर वाचकाने ते जुळवून आणलेले म्हणून बाजूला सारले असते.

हाफकिनचे पुढचे दिवस दुःखाचे गेले. १९०२ च्या अखेरीस पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने मरण पावले, आणि दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडताना गावातच दूषण शिरले होते, असे पुढे सिद्ध झाले. सर रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्याची बाजू मांडली, आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पण मधल्या पाच वर्षांनी त्याचे मन मोडले. परळला तो संचालक म्हणून परत आला नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव दिले गेले, तेव्हा तो हयात होता, ही एवढीच समाधानाची गोष्ट. पुढे येथेच सर्पदंशावरील प्रतिविष तयार होऊ लागले, आणि कोकणातल्या, देशावरच्या कित्येक शेतकऱ्यांचे प्राण त्याने राखले. संग्रहालयातील जुनी उपकरणे पाहताना माझे मन त्या एका कारकुनाकडे आणि तीन शिपायांकडे पुन्हा पुन्हा जात होते. त्यांची नावे मोठ्या अक्षरांत कोठे तरी लिहिलेली असावयास हवी होती.

परळहून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या प्रभादेवी स्थानकावर यावे आणि चर्चगेटची गाडी धरावी. चर्चगेटला उतरून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चार पावले गेले की क्रॉस मैदानाच्या कडेला रंगीत काचांचे छत्र दिसते. तीच भिखा बेहरामची विहीर. समोरून बसगाड्या धावत असतात, कचेऱ्यांतले लोक घड्याळाकडे पाहत वाहत्या प्रवाहासारखे जात असतात, आणि कठड्याच्या आत बाकांवर बसून काही वृद्ध पारशी ओठांतल्या ओठांत अवेस्ता पुटपुटत असतात.

भिखा बेहराम हा मूळचा भडोचकडचा. त्याची जी आख्यायिका पारशी कुटुंबांत सांगितली जाते, तिच्यात आपणा मराठ्यांचाही भाग आहे. तो उदरनिर्वाहासाठी गुजराथेतून मुंबईकडे येत असताना वाटेत मराठ्यांच्या फौजेने त्याला मोगलाई मुलखातला मुसलमान समजून पकडले व कैदेत टाकले. आपण मुसलमान नव्हे, जरथुष्ट्री आहोत, हे तो परोपरीने सांगू लागला. आणि शेवटी अंगरखा उघडून त्याने आपला सुदरा आणि कमरेची कस्ती दाखविली, तेव्हा त्याची सुटका झाली. मुंबईत त्याचे नशीब उघडले. मिळालेल्या धनातून काही लोकोपयोगी करावे म्हणून त्याने १७२५ मध्ये ही विहीर खणविली. आज भरावाने दूर ढकललेला समुद्र तेव्हा हाकेच्या अंतरावर होता, आणि तरीही विहिरीला लागले ते गोडे पाणी.

या चमत्काराला भूजलशास्त्राचे उत्तर आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत झिरपलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर थरासारखे तरंगत राहते, आणि बेताने उपसा केला तर ते वर्षानुवर्षे गोडेच मिळते. परंतु हे उत्तर कळले म्हणून तृषार्ताची कृतज्ञता कमी होण्याचे कारण नाही. किल्ल्याच्या त्या काळच्या रहिवाशांना पिण्याच्या पाण्याची किती ददात होती हे ज्याने वाचले आहे, त्याला अशी विहीर देवाची देणगी का वाटली हे सांगावे लागत नाही. जरथुष्ट्री धर्मात जल ही पवित्र शक्ती, आणि अर्द्वीसूर अनाहिता ही तिची अधिष्ठात्री. आबान महिन्याच्या आबान रोजी, म्हणजे जलाच्या परबाला, या विहिरीवर स्तोत्रे म्हटली जातात, फुले वाहिली जातात आणि डाळीच्या पोळीचा गोड प्रसाद होतो. आजाऱ्याला उतार पडावा, अडलेले लग्न जुळावे, मूल परीक्षेत पार पडावे, म्हणून येथे येऊन दिवा लावण्याची रीत आहे.

आवारात केवळ पारशी-इराणी जरथुष्ट्र्यांनाच प्रवेश आहे. म्हणून मी कठड्याबाहेर उभा राहिलो. आत एक मध्यमवयीन बाई डोक्याला रुमाल बांधून आल्या. त्यांनी काचेच्या पेल्यातील तेलवातीचा दिवा लावला, विहिरीच्या काठाला दोन्ही हातांनी स्पर्श करून ते हात डोळ्यांना लावले, आणि नंतर पर्समधून औषधाची चिठ्ठी काढून, ती घडी न उलगडता, क्षणभर काठावर ठेवली. बाहेर पडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला उभा पाहून आपल्या पारशी वळणाच्या मराठीत म्हटले, ‘‘अंदर नाय येता येनार हां, भाऊ. पन बाहेरून हात जोडा ने, पानी तर सगल्यांचाच हाय.’’ मी हात जोडले. ती औषधाची चिठ्ठी परळच्या बाजूच्याच एखाद्या इस्पितळातली असेल, असे मला उगीचच वाटत राहिले.

आता विहिरींवर आलेल्या ज्वराच्या त्या आरोपाकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाचा आरंभ होत असताना वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, येथे विल्यम ग्लेन लिस्टन नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर डासांच्या सवयी टिपून घेत बसला होता. १९०१ मध्ये त्याने तेथील एका डासाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘स्टेफेन्सी’ हे नाव दिले. हाच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत आला. प्लेग हा उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला होतो हे निश्चित करण्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि पुढे तो त्या संस्थेचा संचालकही झाला. मुंबईतील हिवतापाचा मुख्य वाहक अचलपूरला पाहिलेला तोच डास आहे, हेही त्याने दाखविले. आणि हा डास घाणेरड्या डबक्यात नव्हे, तर स्वच्छ, सावलीच्या, संथ पाण्यात अंडी घालतो. अर्थात त्याचे आवडते घर म्हणजे विहीर!

डॉ. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरील अहवाल १९११ मध्ये आला, आणि महानगरपालिकेने विहिरी बुजविण्याच्या किंवा डास शिरणार नाही अशा रीतीने झाकण्याच्या नोटिसा काढण्यास सुरुवात केली. त्याबरोबर अर्जांचा पाऊस पडला. विहिरीत पीर राहतो, विहिरीत देवी राहते, झाकण घातले तर घरावर अरिष्ट येईल, पूजेच्या पाण्यावर सूर्यकिरण पडलेच पाहिजेत, असे हिंदू, मुसलमान आणि पारशी मालक एका सुरात कळवू लागले. हे अर्ज ज्यांच्या कचेरीत येत ते पालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी हे विद्वान गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दप्तरात बांधून टाकले नाहीत. जगभरच्या जलपूजेचा अभ्यास करून, इंग्लंड-वेल्समधल्या संतांच्या विहिरी आणि मुंबईच्या पिरांच्या विहिरी एकमेकींशेजारी ठेवून, त्यांनी १९१८ मध्ये ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. झाकणात जाळीचे छोटे दार ठेवावे, पूजेपुरते ते उघडावे आणि मिटावे, अशी तडजोडही निघाली. मला या प्रकरणात परळच्या प्रयोगशाळेचा जितका अभिमान वाटतो तितकाच या चिटणिसांचा वाटतो. डासाविषयीचे म्हणणे खरे होते आणि अर्जदाराचे दुःखही खरे होते. दोन्ही ऐकून घेणारा अंमलदार हा कोणत्याही शहराचे भाग्यच समजावे.

विहिरींची सद्दी मात्र त्यापूर्वीच ओसरू लागली होती, आणि त्याचे कारण आपल्या उपनगरांत आहे. १८५४ सालच्या भीषण टंचाईनंतर हेन्री कॉनिबेअरच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या डोंगरांत विहार तलाव बांधला गेला, आणि १८६० पासून त्याचे पाणी लोखंडी नळांतून शहरात पोहोचू लागले. मागून १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, १८९० च्या सुमारास घाईघाईने पवईचा तलाव बांधला गेला, आणि १८९२ मध्ये तानसा आला. चर्चगेटहून अंधेरीस येऊन मेट्रोने घाटकोपरकडे परत निघालेला प्रवासी साकीनाक्यास उतरून पवईला गेला, तर दिवसभर ऐकलेल्या कथेचे अगदी पहिले पान त्याला तेथे सापडेल.

१७९९ मध्ये कुंपणी सरकारने पवईची जहागीर, तिरंदाज-पासपोलीसारख्या भोवतालच्या गावांसह, कौलाने डॉ. हेलेनस स्कॉट या आपल्या वैद्याला दिली. या स्कॉटची जिज्ञासा चौफेर होती. येथील वैद्य कापलेले नाक पुन्हा कसे बसवितात, येथील लोहार पोलाद कसे करतात, याची वर्णने त्याने लंडनच्या सर जोसेफ बँक्सला पत्रांतून कळविली. पण त्याचे खरे स्मरण व्हावे ते १४ जून १८०२ या दिवसासाठी. देवीची लस व्हिएन्नाहून बगदाद-बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी जिवंत ठेवीत, जहाजाने मुंबईस पोहोचली, आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला तिची सुई टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस घेतलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या लशीतून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी ती देशभर पसरली. ही पहिली लस देणारा वैद्य म्हणून या पवईकर स्कॉटचे नाव घेतात.

स्कॉटनंतर १८२९ मध्ये ही जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. त्यांनी पवईच्या उतारांवर ऊस लावला, नीळ केली, रेशमासाठी तुतीची झाडे वाढविली. आणि शहरात मुगभाटातील आपल्या वाडीत विहिरी खणून त्यांचे पाणी नळाने तहानलेल्या लोकांपर्यंत पोहोचविले. धोबी तलावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे ते या जलदानामुळेच. भिखा बेहरामानंतर शंभर वर्षांनी त्याच समाजातला दुसरा एक गृहस्थ पाण्यासाठी आपली थैली मोकळी करतो, आणि तो नेमका आपल्या पवईचा जहागीरदार असतो, हे उपनगरातल्या किती शाळांतून मुलांना सांगितले जाते?

पवईला स्कॉटचा किंवा फ्रामजींचा वाडा पाहावयास मिळणार नाही. मगरींचा इशारा देणारी पाटी, जलपर्णीने भरलेले काठ आणि पलीकडे उंच इमारती एवढेच दिसेल. परंतु तलावाकाठच्या फिरण्याच्या वाटेवर, जेथे सकाळ-संध्याकाळ शेकडो आईबाप आपली मुले घेऊन येतात, तेथे १४ जून १८०२ ची हकीकत सांगणारा एक साधा शिलालेख पालिकेने बसवावा, आणि त्यावर वैद्याच्या नावाच्या आधी ॲना डस्टहॉलचे नाव कोरावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.